दोन वेण्या

शुक्रवार, रात्र

उद्यापासून परत नाइट. झोपायला हवं, पण झोप येत नाही.

चतुर्थी तोंडावर आली म्हणून आज गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेले होते. सुपारीचं शिपटं निवडत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. "सिस्टर, वळाखलास काय माका?" बाई दोडामार्गाकडची. मी "हो तर" म्हटलं. साफ खोटं.

तिची आई आमच्याकडे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती, आणि गेली. ताब्यात मिळाली तेव्हा केस नीट विंचरलेले होते, दोन बाजूंना दोन वेण्या, टोकाला गॉजच्या पट्टीची गाठ. घरी आंघोळ घालताना त्या गाठी सोडवायला कुणाचा हात धजला नाही, तशीच नेली म्हणाली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की वेण्या मी घातल्या. भर बाजारात माझे दोन्ही हात धरून ती उभी, आणि मला ना तिचा चेहरा आठवत होता, ना तिच्या आईचा.

वेण्या मीच घातल्या असणार. मी दोन घालते, मागे एक कधीच नाही. पेशंट दिवसचे दिवस उताणा असतो. वेणीची गाठ डोक्याखाली आली की तिथलीच कातडी दबते आणि जखम होते. शिवाय ट्यूबची पट्टी मानेमागून जाते, तिच्यात केस गुंततात. दर दोन तासांनी कूस बदलतो, तेव्हा पेशंट एका अंगावर असताना एक बाजू विंचरून घ्यायची आणि पुढच्या खेपेला दुसरी. रबर कुठून आणणार, म्हणून गॉज फाडून बांधते. म्हणजे एका आईच्या केसांतून दोन खेपा माझा हात फिरला. आणि मला काहीच आठवत नाही?

डिचोलीच्या बसमध्ये आठवून पाहिलं. त्या दिवसांतला, ट्यूबमधला कफ ओढायच्या सक्शनचा आवाज आठवतो. कोपऱ्यातला एक इन्फ्युजन पंप उगाचच वाजायचा, तोही आठवतो. बीपी टिकवणाऱ्या नॉरअडचा रेट, तासातासाची युरिन, सगळं बेड नंबरासकट. माणूस तेवढं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. तो आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. खूप थकवा, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. थकवा मला माहीत होता. मन तुटतं तेव्हा ते असं गुपचूप तुटतं, हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, मन तुटलेली नर्स पेशंटशी वाईट वागते. वेणी घालूनही मन तुटलेलं असू शकतं?

व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स, हे कॉलेजात पाठ केलं होतं. रात्री माझ्याकडे दोन असतात, कुणी रजेवर असली की तीन. सगळ्यांची माणसं लक्षात ठेवायची तर मी घरी काय घेऊन येऊ? कुणी विचारतं का आम्हाला? माझ्या लेकीची, गौरीची वेणी हल्ली सासूबाईच घालतात. जाऊ दे.

खूप रडले. त्या आजीसाठी रडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवार, सकाळ

काल रात्री दोनच पेशंट होते. त्यातल्या एकाचं बीपी बारापासून खाली यायला लागलं, ते पहाटे चारपर्यंत मला सोडेना. चार नंबरवर एक आजी आहेत, पांढरे केस, लांब, मागे पार गुंता झालाय. दोनच्या कुशीला विंचरायचं ठरवलं होतं, जमलं नाही. चारलाही नाही. सहाला नुसता हात फिरवून गुंता बाजूला केला आणि डोक्याखालची घडी सरळ केली. कपाळ गरम नव्हतं. भुवईच्या वर गोंदण आहे, हिरवं, पुसट.

परवापासून मी स्वतःवर चिडून होते. आज तेवढी चीड नाही. त्या बाईची आई मला आठवली नाही, आणि बहुधा आठवणारही नाही. पण तिच्या डोक्याला मागे जखम झाली नव्हती. झाली असती, तर आंघोळ घालताना लेकीला ती दिसली असती.

हँडओव्हरला सगळं सांगून झालं. पंप, एबीजी म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी, सक्शन किती वेळा, रात्रीचं बीपी. मग म्हटलं, आजींचे केस विंचरायचे राहिलेत, दोन बाजूंना दोन घाल, मागे नको.

सकाळच्या सिस्टरने मान वर केली नाही. वहीत लिहून घेतलं.