ओव्ही५६४० आणि आय.एमएक्स ६ : चित्र आलं, आता एलपी-११ बद्दल सविस्तर

मंडळी, मागच्या नोंदीत कॅमेरा जोडून झाला होता, पण लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) त्याला ओळख द्यायला तयार नव्हता. आता चित्र येतंय. ६४० बाय ४८० आणि ७२०पी या दोन्ही मोडमध्ये रात्रभर चालू ठेवलं तरी फ्रेम अडत नाही. पूर्ण रिझोल्युशनचं काम अजून बाकी आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जुळणी थोडक्यात. आय.एमएक्स ६ क्वाड चिपचा बोर्ड, त्यावर ५ मेगापिक्सेलचा ओव्ही५६४० सेन्सर, मिपी सीएसआय-२ च्या (कॅमेऱ्याचा डेटा चिपपर्यंत नेणाऱ्या जोडणीच्या) दोन डेटा लेन. याच्यापेक्षा चांगलं चित्र देणारे नवे सेन्सर भरपूर आहेत, पण आय.एमएक्स ६ मध्ये कच्च्या बायर डेटाचं रंगीत चित्र करणारा आयएसपी नाही. ओव्ही५६४० आपला आयएसपी पोटात घेऊनच येतो आणि तयार वाययूव्ही (उजेड आणि रंग वेगळे मांडलेलं चित्र) हातात देतो. पुढे चिपमधला कोडा एन्कोडर त्याचा एच.२६४ व्हिडिओ करतो, त्यामुळे सीपीयू जवळपास मोकळा राहतो. या चिपसाठी माझ्या मते हीच जोडी योग्य आहे. दोघांचेही ड्रायव्हर २०१७ पासून, म्हणजे ४.१३ पासून मुख्य कर्नलमध्ये आहेत. माझ्या बोर्डाबरोबर आलेला कर्नल मात्र विक्रेत्याचा, जुन्या ड्रायव्हरचा आहे. (खाली रजिस्टरचे, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यांचे, पत्ते आणि किमती हेक्समध्ये आहेत.)

पहिला अडथळा ओळखीचा. ड्रायव्हर ३००ए आणि ३००बी ही दोन रजिस्टरं वाचतो, त्यात ५६ आणि ४० मिळालं तर पुढे जातो. माझ्याकडे पहिलंच वाचन फसत होतं आणि लॉगमध्ये ‘फेल्ड टू रीड चिप आयडेंटिफायर’ एवढंच दिसत होतं. अशा वेळी सगळे आयटूसीडिटेक्ट (आयटूसी या दोन तारांच्या बसवर कोण उत्तर देतं ते पाहणारी आज्ञा) चालवतात, ३सी हा पत्ता रिकामा दिसतो आणि सेन्सर मेला असा निष्कर्ष निघतो. हा पुरावा धरू नका. तपासणी झाली की ड्रायव्हर सेन्सरचा सप्लाय आणि क्लॉक दोन्ही बंद करतो. क्लॉकशिवाय हा सेन्सर आयटूसीवर उत्तरच देत नाही, मग तो धडधाकट असो वा जळालेला. सप्लाय आणि २४ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक जिवंत ठेवूनच स्कॅनला अर्थ आहे.

मित्राचा ऑसिलोस्कोप दोन दिवसांसाठी मिळाला होता. एक चॅनल पॉवरडाऊन पिनवर, दुसरा आयटूसीच्या क्लॉकवर, आणि ट्रिगर पहिल्या चॅनलवर लावला. मग सिसएफएसमधल्या (कर्नलशी बोलण्याच्या फाइलींमधल्या) बाइंड फाइलीत सेन्सरचं नाव लिहून ड्रायव्हरला पुन्हा तपासणी करायला लावली. आयटूसीची पहिली धडक सुरू होण्याच्या थोडं आधी पॉवरडाऊनची रेषा शून्यावरून १.८ व्होल्टवर चढताना स्पष्ट दिसली. ओव्ही५६४० मध्ये ही पिन वर असली की चिप झोपते. म्हणजे ड्रायव्हर उठवायला जायचा नेमक्या त्याच क्षणी चिप झोपत होती. मोड्यूलबरोबर आलेल्या डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या) फाइलीत ही पिन ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ लिहिली होती. ती ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ केली आणि ५६४० लगेच वाचला गेला. रीसेटचं उलट असतं, ती ‘अ‍ॅक्टिव्ह लो’च हवी, तिला हात लावू नका.

आता मुख्य गोष्ट. आयटूसी बोलली, मीडिया-सीटीएलमध्ये (दुवे जोडणाऱ्या आज्ञेत) सेन्सरपासून आयपीयूपर्यंत (चिपमधल्या चित्र घेणाऱ्या भागापर्यंत) सगळे दुवे जुळले, पण स्ट्रीम सुरू केला की अर्धा सेकंद शांतता आणि मग हा संदेश: ‘एलपी-११ वेट टाइमआउट, लाइकली अ सेन्सर ड्रायव्हर बग, एक्सपेक्ट कॅप्चर फेल्युअर्स’. त्याखाली फाय स्टेटची (घेणाऱ्या बाजूने लेनची अवस्था सांगणाऱ्या रजिस्टरची) किंमत, २००.

मिपीच्या प्रत्येक लेनमध्ये दोन तारा असतात. काम नसताना दोन्ही तारा सुमारे १.२ व्होल्टवर थांबलेल्या असायला हव्यात, तीच एलपी-११ ही थांबलेली अवस्था. डेटा पाठवायचा झाला की सेन्सर तिथून एलपी-०१, मग एलपी-०० असा उतरतो आणि त्यानंतर हाय-स्पीडमध्ये शिरतो, जिथे सिग्नलची पातळी जेमतेम २०० मिलिव्होल्टच्या आसपास असते. घेणारा हा उतार पाहूनच जागा होतो. तारा आधीपासूनच खाली असतील तर त्याला सुरुवात कधी झाली हेच कळत नाही.

त्या २०० मध्ये उत्तर होतं. फाय स्टेटचे बिट ४ आणि ५ म्हणजे दोन डेटा लेन थांबलेल्या आहेत, बिट १० म्हणजे क्लॉक लेन थांबलेली आहे. बिट ९ एवढंच सांगतो की क्लॉक लेन गाढ झोपेत नाही. २०० मध्ये फक्त बिट ९ आहे, म्हणजे तिन्ही लेन एलपी-११ मध्ये नाहीत. दोन लेनच्या जोडणीत ६३० दिसायला हवं. ६१० दिसलं तर एक डेटा लेन गायब समजा आणि रिबन तपासा. दोन लेनच्या सेन्सरला डिव्हाइस ट्रीत चार लेन लिहिल्या असतील तरी हाच टाइमआउट येतो, कारण ड्रायव्हर चारही बिटांची वाट पाहत बसतो.

याची खात्री साध्या मल्टिमीटरने होते, त्याला स्कोप लागत नाही. कनेक्टरजवळच्या टेस्ट पॅडवर केसासारखी बारीक तार डागली आणि सप्लाय आणि क्लॉक जिवंत ठेवून, स्ट्रीम बंद असताना मोजलं: सगळ्या तारांवर जवळजवळ शून्य. स्ट्रीम चालू असताना मात्र तिथे मीटर लावू नका, नुसत्या प्रोबच्या कपॅसिटन्सने हाय-स्पीड सिग्नल बिघडतो.

मुख्य कर्नलच्या आजच्या ड्रायव्हरमध्ये सेन्सरला वीज देताना तीन रजिस्टरं लिहिली जातात, विक्रेत्याच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ती नव्हती. ३००ई मध्ये ४०: दोन लेनचा मोड, ट्रान्समीटरला वीज, पण मिपी अजून बंद. ४८०० मध्ये २४: पाठवायला पॅकेट नसेल तेव्हा क्लॉक थांबव आणि बस एलपी-११ मध्ये ठेव. ३०१९ मध्ये ७०: सेन्सर झोपेत असतानाही दोन्ही डेटा लेन आणि क्लॉक लेन एलपी-११ मध्येच. त्यानंतर लेन वर चढायला अर्धा ते एक मिलिसेकंद थांबायचं. खरं पाठवणं सुरू होतं ते स्ट्रीम ऑनला, ३००ई ४५ झाल्यावर आणि ४२०२ शून्य झाल्यावर.

आधी आयटूसीट्रान्सफर या आज्ञेने हाताने लिहून पाहिलं. ३०१९ लिहिताच मीटर शून्यावरून १.१८ वर गेला. त्या आकड्याकडे मी बराच वेळ नुसती बघत राहिले. मग तेच तीन ओळींचं लिखाण ड्रायव्हरच्या पॉवर-ऑनमध्ये घातलं, मोड्यूल पुन्हा बांधलं, फाय स्टेट ६३० आला आणि पाठोपाठ पहिली फ्रेम.

पहिली फ्रेम हिरवी-जांभळी होती, पण हे लवकर सुटलं. सीएसआय-२ वर ४:२:२ वाययूव्हीचा क्रम यूवायव्हीवाय असतो आणि सेन्सर वाययूवायव्ही पाठवत होता. ४३०० या रजिस्टरात ३० ऐवजी ३एफ हवं. मीडिया-सीटीएलने सेन्सरच्या पॅडपासून शेवटपर्यंत एकच फॉरमॅट दिला की ड्रायव्हर ते स्वतः लिहितो.

बाकी राहिलंय ते २५९२ बाय १९४४. हा सेन्सर तिथे सेकंदाला १५ फ्रेम देऊ शकतो. माझ्याकडे काही फ्रेम नीट येतात आणि मग ‘ईओएफ टाइमआउट’, म्हणजे फ्रेमचा शेवट वेळेत आला नाही. एलपी-११ आता पक्का आहे, त्यामुळे संशय दोनच गोष्टींवर आहे: जुन्या ड्रायव्हरच्या तक्त्यातली या मोडची पीएलएल (क्लॉकचा वेग ठरवणारी) किंमत, किंवा माझी लांब रिबन. रिबन बदलणं सोपं म्हणून आधी तेच करणार आहे, निम्म्या लांबीची मागवली आहे. तिनेही फरक पडला नाही तर मुख्य कर्नलचा अख्खा ड्रायव्हर या जुन्या कर्नलवर उतरवायला घेईन. कोणी तो आधीच उतरवला असेल तर व्ही४एल२ (लिनक्सची व्हिडिओची व्यवस्था) कंट्रोलच्या भागात काय बदलावं लागलं ते जरूर कळवा, माझ्या अंदाजाने सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाईल.