आवाज सगळ्यांचाच चांगला, पायाचं काय?

मल्टि-इफेक्ट्स पेडल (गिटारच्या आवाजावर नाना संस्कार करणारा, पायाने चालवायचा डबा) घ्यायचं मनात आलं की गिटारवाला पहिलं काम करतो ते हेडफोन लावून तुलनेचे व्हिडिओ बघण्याचं. मीही रात्र रात्र बघितले. मग एकदा स्क्रीनकडे पाठ करून ऐकलं, आणि कुठला आवाज कुठल्या डब्यातून येतोय ते मला सांगता येईना. आमच्या ड्रमरला विचारलं तर तो म्हणाला, दोन्हीकडे गिटारच वाजतेय.

त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं. लाइन सिक्सचं हेलिक्स २०१५ मध्ये आलं, बॉसचं जीटी-१००० २०१८ मध्ये, न्यूरल डीएसपीचं क्वॉड कॉर्टेक्स २०२१ मध्ये. एवढ्या काळात वरच्या श्रेणीतल्या यंत्रांचं बरंचसं कसब खालच्या श्रेणीत झिरपलंय. आज मधल्या गटातलं कुठलंही पेडल घ्या, बँडच्या गोंगाटात त्याचा आवाज कमी पडणार नाही. बारीक फरक आहेत, पण क्रॅश सिंबलवर पहिला घाव पडला की ते विरघळतात. म्हणून माझं मत असं झालंय की निवड कानाने करू नये, पायाने करावी.

माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे मत कुठून आलं ते कळेल. बँडमध्ये गिटार एकच, ती मी वाजवतो. शिवाय मागून साथीला गातो, म्हणजे तोंड माइकला चिकटलेलं. आणि मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. या चष्म्यातून खाली बघितलं की वाचनाची काच आडवी येते आणि जमिनीवरची दीड मीटर लांबची अक्षरं धूसर होतात. पेडलची सुंदर रंगीत स्क्रीन मला उभ्याने दिसते ती रंगीबेरंगी डाग म्हणून.

म्हणून पेडलांची माहिती वाचण्याआधी मी आमच्या गाण्यांची यादी काढली. प्रत्येक गाण्यासमोर लिहिलं : कुठे आवाज बदलतो, त्या क्षणी मी गातोय का, आणि बदलायला वेळ किती. हा कागद फार बोलका निघाला. एका गाण्यात कडव्याला क्लीन (स्वच्छ आवाज) आणि वर हलका कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट), ध्रुवपदाला ओव्हरड्राइव्ह (फाटका, खरखरीत आवाज), मग सोलोला गेन (तो फाटकेपणा) वाढवून डिले (सुराचा प्रतिध्वनी), आणि सोलो संपला की थेट कडवं. गाण्याची लय १२० बीपीएम, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्या एका ठोक्यात ओव्हरड्राइव्ह बंद, डिले बंद, कोरस चालू. तीन स्विच, एक पाय, आणि माझ्या तोंडी कडव्याची पहिली ओळ. याला टॅप डान्स म्हणतात. तो लोक बघायला येत असतील तर गोष्ट वेगळी.

म्हणजे एका दाबात सगळं बदललं पाहिजे. उत्तर सोपं वाटतं : प्रत्येक भागाचा वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली आख्खी मांडणी) करा. पण प्रीसेट बदलताना यंत्राला जुने इफेक्ट उतरवून नवे चढवावे लागतात, आणि पुष्कळ पेडलांमध्ये तेवढ्यात आवाजाला बारीकसा खड्डा पडतो. सोलोच्या शेवटच्या सुराची डिलेची शेपटीही तिथेच कापली जाते. घरी एकटं वाजवताना हे जाणवत नाही. बँडमध्ये सगळे एका ठोक्यावर उतरतात आणि गिटार क्षणभर मागून येते, तेव्हा जाणवतं.

यावरचा चांगला उपाय म्हणजे स्नॅपशॉट. हेलिक्समध्ये तो २०१६च्या फर्मवेअरने (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरने) आला, आता इतर कंपन्यांकडेही वेगवेगळ्या नावांनी आहे. प्रीसेट तोच राहतो, आतले इफेक्ट जागचे हलत नाहीत. कुठला चालू, कुठला बंद आणि कुठला नॉब कुठे, एवढंच एका दाबात बदलतं. काही नव्याने चढवायचं नसल्याने खड्डा नाही, आणि डिलेचा ट्रेल्स हा पर्याय चालू ठेवला तर शेपटीही नीट विरते. दुकानात पेडल हाताळायला मिळालं तर मी हेच बघायला सांगेन : एक सूर धरा, तो धरलेला असतानाच आवाज बदला आणि मधलं ऐका. तयार प्रीसेट एकामागून एक वाजवत बसण्यापेक्षा या परीक्षेतून जास्त कळतं. ते प्रीसेट तसेही दुकानात, एकट्या माणसाला खूश करण्यासाठी बनवलेले असतात. बँडमध्ये त्या रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) महासागरात गिटार बुडून जाते.

शेवटी माझ्या यादीत तीन पेडलं उरली : लाइन सिक्सचं एचएक्स स्टॉम्प, त्यांचंच पॉड गो, आणि बॉसचं एमई-९०.

एचएक्स स्टॉम्प हा हुशारीचा नमुना आहे. तळहाताहून थोडं मोठं, आत हेलिक्सचेच अँप (गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या नकला) आणि इफेक्ट. २०१८ मध्ये आलं तेव्हा एका प्रीसेटमध्ये सहा ब्लॉक (एक अँप किंवा एक इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) बसायचे, पुढे फर्मवेअर ३.० ने ते आठ झाले. फुकटात यंत्र वाढवून देणाऱ्या कंपनीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. पण त्याला फूटस्विच तीनच. त्यातला तिसरा मुळात टॅप टेंपो (पायाने ठोके देऊन डिलेची लय ठरवणं) आणि ट्यूनरसाठी ठेवलेला, आणि मला टॅप लागतोच. डॉटेड एट्थचा (पाऊण ठोक्याचा) डिले १२० च्या लयीला ३७५ मिलिसेकंदांचा हवा. ड्रमर १२६ वर गेला (तो जातो) की तोच डिले लंगडायला लागतो. म्हणजे उरले दोन. मागच्या जॅकला बाहेरून आणखी दोन स्विच जोडता येतात, किंवा वाय केबल लावून एक स्विच आणि एक एक्स्प्रेशन पेडल (पायाने वरखाली करायची पट्टी). मी कागदावर हे सगळं मांडून बघितलं : स्टॉम्प, जोडीचे स्विच, एक्स्प्रेशन पेडल, केबली, आणि ते सगळं बसवायला बोर्ड. लहान म्हणून आवडलेलं यंत्र बघता बघता सुटकेसएवढं झालं.

पॉड गोमध्ये हे सगळं आधीच अंगावर आहे. आठ फूटस्विच, एक्स्प्रेशन पेडल, मोठी स्क्रीन, चार स्नॅपशॉट. अडचण आतल्या रचनेत. वॉ (‘वॉ-वॉ’ असा आवाज काढणारा इफेक्ट), व्हॉल्यूम, एफएक्स लूप (बाहेरचा इफेक्ट मधे जोडायची वाट), अँप, कॅब (स्पीकरच्या पेटीची नक्कल) आणि इक्यू (बास-ट्रेबलचा तोल) यांच्या सहा जागा मूळ रचनेतच राखीव, मोकळ्या चारच. ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. संपल्या चार. क्लीनला कॉम्प्रेसर (लहान-मोठे सूर एका पातळीवर आणणारा इफेक्ट) हवा असेल तर यातल्या एकाला उठवून जागा करावी लागते. कागदावर मी बराच वेळ कोरस आणि कॉम्प्रेसर यांच्यात पंचायत करत होतो. ज्याला कॉम्प्रेसरशी घेणंदेणं नाही त्याच्यासाठी हे तिघांतलं सगळ्यात सरळ पेडल आहे, आणि मला चष्मा नसता तर कदाचित मीही तेच घेतलं असतं.

एमई-९० चं तत्त्व वेगळं. त्यावर मेनूवाली मोठी स्क्रीन नाहीच. जवळजवळ प्रत्येक इफेक्टला स्वतःचे नॉब, सुटी पेडलं शेजारी शेजारी मांडावीत तसे. डिले जास्त वाटला तर वाकायचं आणि डिलेचा नॉब मागे घ्यायचा, एवढंच. कुठला मेनू, कुठलं पान, काही नाही. मॅन्युअल मोडमध्ये प्रत्येक स्विच आपापला इफेक्ट चालू-बंद करतो, मेमरी मोडमध्ये आख्खा ठरवलेला आवाज एका दाबात येतो. याचं मोलही मोजावं लागतं : इफेक्टांचा क्रम हवा तसा फिरवण्याचं स्वातंत्र्य इतर दोघांइतकं नाही, दोन अँप समांतर चालवणं नाही. मी दोन अँप समांतर कधी चालवणार होतो? व्हिडिओ बघताना मात्र ते फार गरजेचं वाटलं होतं.

आणखी एक प्रश्न आहे जो निवडीच्या वेळी फार थोडे लोक विचारतात. पेडलमधून निघालेली केबल जाणार कुठे?

आमच्या सरावाच्या खोलीत गिटारचा अँप आहे. कार्यक्रमात सिग्नल थेट मिक्सरला जातो. ही दोन टोकं आहेत. गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही देतच नाही, म्हणून डिस्टॉर्शनची करकर त्यातून बाहेर येईपर्यंत सोसवेल अशी होते. मिक्सरच्या मागचे स्पीकर सगळंच देतात, म्हणून तिथे पेडलमधलं कॅब सिम्युलेशन किंवा आयआर चालू हवं. आयआर म्हणजे एका खऱ्या कॅबिनेटला माइक लावून त्याच्या प्रतिसादाची काढलेली नोंद. त्यातून गेलेला आवाज त्या स्पीकरमधून आल्यासारखा लागतो. हेच कॅब चालू ठेवून तुम्ही गिटारच्या अँपमध्ये शिरलात, तर एका स्पीकरवर दुसरा स्पीकर चढतो आणि घोंगडी पांघरून वाजवल्यासारखं ऐकू येतं. ‘पेडल भिकार आहे’ म्हणून विकायला काढणाऱ्यांपैकी निम्मे जण इथेच अडकलेले असतात, अशी माझी शंका आहे. म्हणून बघायचं ते हे की आउटपुटचा प्रकार एका ठिकाणी बदलता येतो, की प्रत्येक प्रीसेट उघडून कॅब बंद करावं लागतं.

स्वतःचा आवडता अँप असेल आणि त्याचाच प्रीअँप (अँपमधला आवाज घडवणारा भाग) वापरायचा असेल तर चार केबलींची पद्धत : वॉ, ओव्हरड्राइव्ह अँपच्या आधी, डिले-रिव्हर्ब अँपच्या एफएक्स लूपमध्ये. त्यासाठी पेडलला सेंड आणि रिटर्न (सिग्नल बाहेर पाठवायचा आणि परत घ्यायचा जॅक) हवेत. ज्याला हे करायचंय त्याने पेडलच्या पाठीचा फोटो आधी बघावा, पुढचा नंतर.

लेटन्सीबद्दल, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल, लोक फार घाबरवतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. अँपपासून तीन मीटर लांब उभे राहिलात तर नऊ मिलिसेकंद तिथेच गेले, आणि चांगल्या पेडलचा उशीर यापेक्षा कमी असतो. सँपलिंग रेट आणि बिटांच्या आकड्यांवर तर मी डोळेही टेकवले नाहीत.

मॉडेलिंग की कॅप्चर, हा वाद मात्र खरा आहे. मॉडेलिंगमध्ये अँपच्या सर्किटचं वागणं गणिताने उभं करतात, त्यामुळे नॉब फिरवले की खऱ्या अँपसारखा फरक पडतो. क्वॉड कॉर्टेक्स किंवा टोनेक्ससारख्यांचं कॅप्चर म्हणजे एका विशिष्ट अँपचा, नॉब एका विशिष्ट जागी असतानाचा ठसा. तो ठसा कमालीचा हुबेहूब येतो, पण गेन बराच वरखाली केलात की मूळ अँप तसाच वागला असता याची खात्री राहत नाही. मी सतत नॉबशी चाळा करणारा माणूस. माझ्यासाठी मॉडेलिंग बरं.

तर, एमई-९० घेतलं. क्लीन, क्रंच (थोडा फाटका), लीड (सोलोसाठी) आणि एक घाण फझ (पार फाटलेला), असे चारच आवाज केले, आणि ते बँडबरोबर, बँडच्याच आवाजात. हे मुद्दाम सांगतोय. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की आवाजाची पातळी बदलली की कानाला बास आणि ट्रेबल वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. हळू आवाजात दोन्ही कमी भासतात. रात्री हेडफोनवर हळू आवाजात बनवलेला सूर आपण म्हणूनच बास-ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि स्टेजवर तोच सूर खाली घुमतो, वर टोचतो. मी १०० हर्ट्झच्या खालचं कापलं (ती जागा बेसवाल्याची आहे, तो तसाही देत नाही), ट्रेबल उतरवलं, मिड वाढवले. एकट्याने वाजवलं की हा आवाज नाकात बोलल्यासारखा लागतो. बँडमध्ये तो स्वच्छ ऐकू येतो. लीडला गेन नाही वाढवला, पातळी तीन डेसिबलने वाढवली. गेनने सूर चपटा होतो, पुढे येत नाही.

माझा धाकटा भाऊ मात्र हे सगळं ऐकून एचएक्स स्टॉम्प घेऊन आला, आणि त्याचं बरोबर आहे. तो कधी उभ्याने वाजवत नाही. खुर्चीत बसतो, यूएसबीची केबल कॉम्प्युटरला लावतो, एका ट्रॅकवर इफेक्टसकट आवाज आणि दुसऱ्यावर कोरी गिटार रेकॉर्ड करतो, आणि नंतर तीच कोरी गिटार परत पेडलमधून पाठवून सावकाश अँप बदलत बसतो. त्याचं पेडल टेबलावर असतं, नॉब तो माउसने फिरवतो. तीन फूटस्विच त्याला दोनाने जास्तच आहेत.