पाव ऐकताना

रविवार, रात्री साडेदहा

आज सकाळी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, नळ घट्ट केला आणि पावाला कान लावला. ओव्हनमधून काढून जाळीवर ठेवल्यावर आधी थोडा वेळ काहीच होत नाही. मग एक बारीकशी 'टिक्'. थोड्या वेळाने दुसरी. आणि मग सगळीकडून तडतड सुरू होते, वाळक्या पानांवर पावसाचे सुटे थेंब पडावेत तशी. वरचं कडक कवच गार होता होता आक्रसतं, आतला गर अजून गरम आणि मऊ असतो. त्या ओढाताणीत कवचाला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यांचा हा आवाज. कारण ठाऊक झालं म्हणून मजा कमी होत नाही.

मागच्या वेळचा पाव मात्र मुका निघाला होता. रंग जरा गडद दिसला, मी घाबरले आणि दहा मिनिटं आधीच बाहेर काढला. आतली वाफ कवचात मुरली आणि अर्ध्या तासात ते चामड्यासारखं चिवट झालं. तेव्हापासून डोळ्यांवर माझा फार भरवसा नाही.

खरं तर आवाज कालपासूनच सुरू होते. स्टार्टरच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठाच्या, बरणीत चमचा घातला की फस्स करून बुडबुड्यांची सगळी जाळी खाली बसते, ते मला भारी आवडतं. वास आंबूस, दह्याच्या जवळचा, मागे कच्च्या सफरचंदाची एक छटा. मध्यंतरी आठवडाभर त्याला पीठ-पाणी द्यायचं राहून गेलं, तर झाकण उघडल्यावर थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा! फेकायलाच निघाले होते. भुकेलं होतं बिचारं. दोन-तीनदा ताजं पीठ मिळाल्यावर ताळ्यावर आलं.

500 ग्रॅम पीठ, 375 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम स्टार्टर, 10 ग्रॅम मीठ. पहिल्यांदा कालवताना तो नुसता चिखल असतो, बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसतो, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. मळायचं नाही, फक्त दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने एक कड उचलायची, ताणायची, दुमडायची. चौथ्या खेपेला तोच चिखल भांड्याची कड 'पच्' करून सोडतो आणि एका तुकड्यात हातात येतो. गार, गुळगुळीत. तळव्याखाली आतले बुडबुडे सरकतात तेही कळतं.

रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या गोळ्यावर सकाळी ब्लेड फिरवलं. गार पीठ सर्रकन कापलं जातं. हात कचरला तर ब्लेड अडकतं आणि रेघ फाटते. मग 250 अंशांवर तापलेल्या बिडाच्या भांड्यात गोळा सोडायचा आणि झाकण लावायचं. पुढची वीस मिनिटं ना दिसत, ना ऐकू येत. ही वीस मिनिटं मला अजिबात सोसत नाहीत.

झाकण काढलं की वाफ तोंडावर येते, त्यामुळे चष्मा आधीच काढून ठेवते. इथून पुढे नाकाचं काम. सुरुवातीला नुसता शिजलेल्या पिठाचा वास, मग भाजल्याचा खरपूस, मग करपायच्या अलीकडचा, थोडा कडवट गोड. तिथपर्यंत आज थांबले. काढला, उलटा धरला, बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं. आत ओल असेल तर 'थप' वाजतं. आज पोकळ वाजलं.

तडतड ऐकायला लेकही आली. जाळीवर इतकी वाकली की कानाच्या पाळीला पीठ लागलं. दोघी गप्प उभ्या होतो. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थांबलं गं आई. आता कापूया?"

"अजून नाही. आतला गर बसायचाय. तासभर तरी."

चाळीस मिनिटं निघाली. सुरीखाली कवच कर्रकर्र करत फुटलं, चुरा ओट्यावर उडाला आणि पुढे सुरीचा आवाजच बंद झाला, इतका आत मऊ. पात्याला थोडा गर चिकटून आला. तो तिने बोटाने पुसून खाल्ला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.