आमची वाटचाल : पाकिटापासून करारपत्रापर्यंत

गोव्यात गाणाऱ्याला मान कधी कमी पडला नाही. फोंडा तालुक्यातील मंगेशी आणि केरी या गावांनी दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी आणि केसरबाई केरकर यांच्यासारखे कलावंत दिले, आणि आजही जत्रेच्या किंवा देवळातल्या नवरात्रीच्या मखरोत्सवाच्या बैठकीला कान देऊन ऐकणारा श्रोता मिळतो. उणीव होती ती व्यवहाराची. कार्यक्रम संपला की शाल, श्रीफळ आणि पाकीट हाती यायचे. पाकिटात किती आहे हे गायकाला घरी गेल्यावर कळायचे, आणि त्यातून तबलजीला व पेटीवादकाला काय मिळणार हे पुष्कळदा तोवर ठरलेलेही नसायचे. कलाकारांचे व्यवस्थापन पाहणारी आमची छोटी संस्था या उणिवेपायीच सुरू झाली.

फोंड्याला परत येण्याआधी मी मुंबईत एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या हक्क विभागात आणि पुढे कलाकारांशी संबंध ठेवणाऱ्या विभागात नोकरी केली. गाण्यात दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात, हे मी तिथे शिकलो. शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे चालतो आणि तो बहुधा कंपनीकडे असतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा असा पक्का केला की, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडल्यास, तो त्यांना दुसऱ्या कोणाला लिहून देता येत नाही. पाठोपाठ २०१३ मध्ये गायकांसाठी रॉयल्टी गोळा करणारी ‘इस्रा’ ही संस्था उभी राहिली. हे सारे घडत होते तेव्हा मी टेबलाच्या त्या बाजूला होतो जिथून कलाकाराची सही मागितली जाते, आणि सही करणाऱ्यांपैकी कागद वाचून घेणारे फार थोडे होते. या पेशात मी आदर्श मानला तो जी. एन. जोशी यांचा. स्वतः भावगीतगायक असलेले जोशी १९३८ मध्ये एच.एम.व्ही. या ध्वनिमुद्रिका कंपनीत रुजू झाले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची एकत्रित ध्वनिमुद्रिका त्यांच्या निर्मितीत सिद्ध झाली. गाणे कळणारा माणूस अधिकाराच्या जागी असला तर कलाकाराचे किती भले होते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

जीएसटी लागू झाला त्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, आम्ही काम सुरू केले. अटी तेव्हा ठरवल्या त्याच आजही आहेत. आम्ही आणलेल्या कामावरच १५ टक्के घेतो. कलाकाराला त्याच्या ओळखीतून मिळालेल्या कामावर आमचा हक्क नाही. देवाच्या सेवेवर आणि गुरूंच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमावर कमिशन घेत नाही. करारात मुख्य गायकाच्या नावाखाली प्रत्येक साथीदाराचे नाव आणि त्याच्यापुढे त्याचे मानधन लिहिलेले असते, आणि ती रक्कम थेट त्याच्या खात्यात जमा होते.

ही शेवटची अट रुजवायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते आमच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम तेच आहे. एका देवस्थान समितीचे खजिनदार मला म्हणाले, “अहो, बुवा आमच्या गावचे, लहानपणापासून पाहतो त्यांना. त्यांच्याशी कसला आलाय कागद?” मी म्हटले, “काका, बुवा तुमचे आहेत, पण तबलजी डिचोलीहून शेवटची बस चुकवून थांबणार आहे. त्याचा कागद करू या.” त्यांनी चष्मा लावला, करार दोनदा वाचला, साथीदारांच्या रकमेपुढे स्वतःच्या हाताने ‘जेवण व परतीची गाडी समितीकडे’ असे लिहिले आणि मग सही केली. ते वाक्य आम्ही पुढे सगळ्याच करारांत घेतले.

कराच्या बाबतीत एक बारकावा फार उपयोगी पडला. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचे मानधन एका कार्यक्रमाला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर कलाकाराच्या त्या सेवेवर जीएसटी नाही. ही सवलत कलाकाराची आहे, मध्यस्थाची नाही. म्हणून आयोजकाला बिल कलाकाराच्या नावाने जाते आणि आम्ही आमच्या कमिशनचे बिल स्वतंत्र करतो. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही त्यांना विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण ते भरण्याचा सल्ला त्यांना कोणी दिलेला नसतो. आमच्याकडच्या एका वयस्क पेटीवादकांच्या खात्यात असा परतावा जमा झाला तेव्हा बँकेची चूक झाली असे समजून ते पासबुक घेऊन कार्यालयात आले होते. आता दर जुलैमध्ये सर्व साथीदारांची विवरणपत्रे आम्हीच भरतो.

करारासोबत एक तांत्रिक पान जाते. गायिकेचा स्वर पेटीच्या कोणत्या पट्टीवर (काळी चार की पांढरी चार), तानपुरे किती, बैठकीची उंची, गायकासमोरचा आणि तबल्याजवळचा मॉनिटर (कलाकाराला स्वतःचे गाणे-वाजवणे ऐकू यावे म्हणून ठेवलेला ध्वनिक्षेपक), आणि पावसाळ्यात तबला मंचावर किती आधी आणून ठेवायचा हे सगळे त्यावर असते. कारण आपल्याकडच्या दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे चामडे) सैल पडते आणि घरी सुरात लावलेला तबला सभागृहात उतरलेला सापडतो. वेळेची रेघही याच पानावर असते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. शेजाऱ्याची झोप महत्त्वाची आहे, हे मला मान्य आहे. तरीही मालकंस आणि दरबारी ऐकण्याची वेळ नेमकी हातची जाते याचे वाईट वाटते. म्हणून रात्रीच्या रागांच्या बैठकी आम्ही कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर किंवा मडगावचे रवींद्र भवन यांसारख्या बंदिस्त सभागृहांत घेतो, आणि जत्रेतली बैठक संध्याकाळी लवकर सुरू करण्याचा आग्रह धरतो.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून आणि बाहेरगावाहून येणाऱ्या लग्नांतून पैसा चांगला मिळतो, आणि तरुण गायकांना त्याची गरज असते, त्यामुळे हे काम आम्ही नाकारत नाही. मात्र जेवण चालू असताना गाणे होणार नाही, हे कलम सोडत नाही. लग्नात वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित संगीताला रॉयल्टी लागते का, हा वाद गोव्यात उच्च न्यायालयापर्यंत गेला. ती लागत नाही असे सांगणारे, राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. तेव्हापासून आयोजकाने आवश्यक ते परवाने स्वतः घ्यावेत, असे आमच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते.

कोविडच्या काळात कार्यक्रम थांबले. तेवढ्यात आम्ही कलाकारांची ध्वनिमुद्रणे नीट नोंदवली आणि प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळवून दिला, ज्यावरून ऑनलाइन ऐकले गेलेले मुद्रण कोणाचे हे ओळखता येते.

सध्याचे काम निराळे आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांत दिवंगत संगीतकारांच्या चाली वह्यांत आणि कॅसेटवर पडून आहेत. त्यांतल्या काही चाली आजही भजनी मंडळे आणि नाटके गातात, पण गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत त्यांची नोंद नाही आणि आपण वारस म्हणून सभासद होऊ शकतो हे घरच्यांना ठाऊक नाही. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे आणि चालींची यादी घेऊन आमच्या फोंड्याच्या कार्यालयात यावे. नोंदणीचे अर्ज आम्ही भरून देतो आणि त्यासाठी शुल्क घेत नाही.