सत्तर टक्के

२७ सप्टेंबर, शनिवार. रात्रीचे नऊ.

काल आईने विचारलं, इथल्या कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर होईल ना? बोलताना तोंडून आकडा गेला. "होईल गं, सत्तर टक्के." एवढंच. ती घटाला माळ घालून नुकती उठली होती, तिकडे सकाळचे साडेआठ, मागे कुकरची शिट्टी. आज वहिनीच्या फोनवर मावशीचा मेसेज: 'सत्तर टक्के काम झालंय म्हणे. अभिनंदन सांग तिला.'

सत्तर टक्के शक्यता निघाली इथून आणि मिरजेला पोचेपर्यंत सत्तर टक्के काम झालं. वहिनीने मेसेज मोठ्याने वाचला, मी 'हं' म्हटलं आणि ताट घेऊन खोलीत आले. मावशीचा काय दोष? तिच्यापर्यंत गेला तो आकडाच मुळात कुठूनही आलेला नव्हता.

कुठून आणला मी? गुरुवारी ट्रान्स्फर सेंटरमधल्या कौन्सेलर बाईंना मी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुझं चांगलं चाललंय, शक्यता चांगली आहे. चांगली म्हणजे किती, असं विचारल्यावर म्हणाल्या की आकडा मी कुणालाच सांगत नाही. तेव्हा मला राग आला होता. वाटलं, रोज इतकी मुलं बघता, एक अंदाज द्यायला काय जातं? आणि दुसऱ्याच दिवशी मी तोच अंदाज आईला दिला, त्यांच्या अनुभवाचा एक अंशही नसताना.

साठ म्हटलं असतं तर बाबांनी रात्र जागून काढली असती. नव्वद म्हटलं असतं तर मलाच ते खोटं ऐकू आलं असतं. सत्तर म्हणजे डिस्टिंक्शनच्या जरा खाली, नम्र वाटतं आणि पासही होतं. म्हणजे मी शक्यता मोजलीच नव्हती. आईला काय झेपेल ते मोजलं होतं.

खरं काय आहे ते एकदा इथे लिहून काढते.

कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे पदवीचे कॅम्पस नऊ. त्यांपैकी सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्रवेशाची लेखी हमी देतात, तिला सगळे टॅग म्हणतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. सहांपैकी एकच निवडायचा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत. बर्कलीत ट्रान्स्फरला अर्ज करणाऱ्या चारांतला साधारण एक आत जातो. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, म्हणजे माझ्याकडे तीन दिवस. अर्ज करताना आमच्या क्वार्टरच्या (इथे सेमिस्टरऐवजी क्वार्टर असतात) हिशेबाने ४५ युनिट, म्हणजे क्रेडिट, पूर्ण हवेत, माझे ४८ आहेत. पुढच्या स्प्रिंगअखेर ९० हवेत. जानेवारीत ग्रेड पुन्हा कळवायचे. एप्रिलच्या शेवटी निकाल.

हमी हा शब्द आईला सांगितला असता तर ती सत्तरपेक्षाही जास्त खूश झाली असती. पण या हमीला अटी आहेत. ठरलेला प्रत्येक विषय ठरलेल्या वेळेत व्हायला हवा, एक ग्रेड घसरला तर हमी गेली. गर्दीच्या विषयांना तर ती मिळतही नाही. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला टॅग चालत नाही आणि तिथलं कम्प्युटर सायन्स त्यातच येतं. मी डेव्हिसला गणित टाकतेय. बाबांना अजून 'कम्प्युटरसारखंच आहे' एवढंच सांगितलंय. त्याबद्दल आज नको.

हमी म्हटलं की मला बँकेतली ती दुपार आठवते. साडेसात लाखांच्या वरचं कर्ज, नुसता जामीनदार चालणार नव्हता, तारण हवं होतं. बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घराचे कागद काढले आणि टेबलावर ठेवायच्या आधी हाताने सरळ केले. आता सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बोजा आहे. त्या माणसाला मी आकडा बनवून सांगितला.

कॅल्क्युलसला शेजारी बसणारी मुलगी इथली, सॅन होजेची. तिला युनिटमागे ३१ डॉलर पडतात, मला त्याच्या कितीतरी पट. अर्ज करायला तिला चारपैकी किमान २.४ जीपीए पुरतो, मला २.८ लागतो. माझा ३.६ आहे, मला काहीच अडचण नाही. तरी कोष्टकातले ते दोन रकाने, राज्यातले आणि राज्याबाहेरचे, बघून घशाशी आलं. डेव्हिसला गेल्यावर तिच्यापेक्षा वर्षाला तीस हजार डॉलरांहून जास्त भरायचे ते वेगळेच. शिवाय २०१७ पासून राज्याबाहेरच्या मुलांच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली, बहुतेक कॅम्पसना १८ टक्के. आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो, एकच गृहपाठ करतो, तिला न सुटलेली गणितं मी सोडवून देते. गेल्या आठवड्यात २३ नंबरच्या बसमध्ये मी यावरून रडले होते. कुणी बघितलं नाही.

पण लिहिता लिहिता आपल्याकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा, कॅपचा, फॉर्म आठवला. बारावीनंतर 'होम युनिव्हर्सिटी' हा रकाना मी विचारही न करता भरला होता. सांगलीची मुलगी, शिवाजी विद्यापीठ, झालं. नांदेडहून किंवा जळगावहून आलेल्या मुलीला तोच रकाना कसा दिसला असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कर भरून ही विद्यापीठं उभी केली. तीन पायऱ्यांची ही सगळी रचना १९६० सालची, वर युनिव्हर्सिटी, मध्ये स्टेट युनिव्हर्सिटी, खाली कम्युनिटी कॉलेजं, आणि खालून वर जायला वाट. आपल्याकडे दादा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेला तशीच. ती वाट त्यांनी आपल्या मुलांसाठी बांधली आणि मलाही तिच्यावरून चालू देतात. महाग आहे. बंद नाही. त्या मुलीचा राग आता खरंच येत नाहीये.

आकड्याचं मात्र तसंच राहिलं.

आबांना डेव्हिस माहीत आहे. द्राक्षांमुळे. त्यांच्या बागेतल्या थॉमसनला ते नाव तिथल्याच बाजूला मिळालं, युबा सिटीजवळ, डेव्हिसहून फार लांब नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एप्रिलात कळणार म्हंजे खरड छाटणीलाच की." शक्यता किती, हे विचारलं नाही. बागेचंही ते कधी सांगत नाहीत. व्यापारी कितीही खोदून विचारू दे, माल गाडीत चढेपर्यंत आबांच्या तोंडून टन निघत नाहीत. लहानपणी वाटायचं, नजर लागेल म्हणून. आता वाटतं, जे आपल्याला माहीत नाही ते बोलायचंच नाही, इतकं साधं असेल.

पावणेबारा.

आईला फोन केला. तिकडे रविवारची दुपार, पानं वाढलेली.

"आई, ते सत्तर टक्के मी असंच म्हटलं होतं."

ती गप्प. मग म्हणाली, "मग किती?"

"माहीत नाही गं. कुणालाच नसतं. ग्रेड चांगले आहेत, डेव्हिसच्या हमीचा अर्ज करतेय, अटी पूर्ण केल्या तर ती पक्की. बाकीच्यांचं एप्रिलमध्ये."

"कमी झालं का काही? खरं सांग."

"कमी नाही झालं. ते कधी सत्तर नव्हतंच."

मागे बाबांच्या खुर्चीचा आवाज आला. ते फोनवर आले नाहीत. आई म्हणाली, "आणि मी सगळ्यांना सांगून बसले." चिडून नाही, दमून. ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. मग तिने फोन आबांकडे दिला.

"फारम भरला का?"

"उद्या भरते, आबा. मंगळवारपर्यंत आहे मुदत."

"उद्याच भर. शेवटच्या दिवसावर टाकू नको." मग पावसाचं बोलले. उघडीप नाही, छाटणी पुढं ढकललीय, गडी नुसते बसून आहेत. मी विचारलं, कधी धरणार मग? म्हणाले, "वाफसा आला की."

फोन ठेवल्यावर अर्ज उघडला. विषयांची यादी मार्कशीटशी दोनदा ताडून बघितली, ४८ युनिट बरोबर आहेत. कुठला विषय युनिव्हर्सिटीत कशाच्या बरोबरीचा धरतात त्या अर्टिक्युलेशनच्या यादीत एका विषयाचा कोड नव्या नावाने दिसतोय, तेवढं सोमवारी नऊ वाजता सेंटर उघडलं की विचारायचं, आणि तिथेच बसून अर्ज पाठवायचा. आबांना उद्या म्हटलं होतं, एक दिवस पुढे गेलं. त्यांना तसं कळवते.

मावशीला काय सांगणार, ते आईला विचारायचं राहिलं.