कमी झालेले कूलंट आणि वाढलेले तेल

इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका गवती धावपट्टीवर आमचे दोन आसनांचे ट्राइक, म्हणजे हँग-ग्लायडरसारख्या पंखाखाली टांगलेले छोटे मोटारविमान, उभे असते. त्यात माझी निम्मी भागीदारी आहे. त्याचे इंजिन रोटॅक्स 582, म्हणजे दोन सिलिंडरचे, सुमारे 580 सीसीचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक. गेल्या वर्षी वसंत ऋतूतल्या पहिल्या काही उड्डाणांनंतर एक गोष्ट खटकू लागली. दोन तास उडून आल्यावर इंजिन पूर्ण थंड झाले की ओव्हरफ्लो बाटलीतली कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी थोडी उतरलेली असे. साधारण पाऊण कप कूलंट घातले की ती जागेवर येई. ट्राइकखाली थेंब दिसत नव्हता आणि उड्डाणात कूलंटचे तापमान 65 ते 80 अंश सेल्सिअस या ठरलेल्या पट्ट्यातच राहत होते. अर्थात या काट्यावर फार विसंबून चालत नाही, कारण पाणी फारच कमी झाले तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही काटा खालीच राहू शकतो.

सुरुवात मी बाहेरून केली. रबरी नळीचा जोड थंड असताना पाझरतो आणि तापल्यावर फुगून बंद होतो, त्यामुळे उड्डाणानंतर लगेच पाहण्यात अर्थ नसतो. पहाटेच्या थंडीत हँगरमध्ये जाऊन प्रत्येक क्लिपखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवला, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि रेडिएटरच्या कडांवर वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा थर कोठे आहे का, ते विजेरीने पाहिले. एक क्लिप सैल होती, ती आवळली. पुढच्या उड्डाणानंतर पातळी पुन्हा तेवढीच उतरलेली!

त्यानंतर मी जी चूक केली, तिच्यापायी दोन शनिवार-रविवार गेले. कूलंट भरून इंजिन चालू केले असता ओव्हरफ्लो बाटलीत बुडबुडे आले, आणि सिलिंडर हेडखालच्या ओ-रिंग (पाणी आणि वायू अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) गेल्या, ज्वलनातला वायू पाण्यात शिरतो आहे, असा निष्कर्ष मी त्या एका खुणेवरून काढून मोकळा झालो. हेड उतरवले तेव्हा जुन्या रिंग चपट्या झालेल्या निघाल्या, त्यामुळे माझी खात्रीच पटली. वास्तविक इतकी वर्षे दाबाखाली बसलेली कोणतीही रिंग चपटी निघणारच. नव्या रिंग बसवल्या, नट मॅन्युअलमधल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळले, आणि इंजिन चालू करताच तेच बुडबुडे पुन्हा हजर झाले. ते फक्त भरताना अडकलेल्या हवेचे होते. इंजिन दहा मिनिटे चालल्यावर ते थांबले. वायू खरोखर शिरत असता तर थंड इंजिन चालू केल्यापासून मिनिटभरातच वरची नळी टणक झाली असती आणि थ्रॉटल वाढवताना बुडबुडे वाढले असते. ही साधी कसोटी हेड उतरवण्यापूर्वी मला सुचली नाही.

मग मात्र शिस्तीने दाबचाचणी केली. इग्निशन बंद ठेवून, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप आणि दाबमापक लावून दाब 0.9 बारपर्यंत नेला. सकाळी काटा 0.7 च्या खाली होता. रात्री हँगर थंड पडला की दाब आपोआप थोडा उतरतो, म्हणून तीच चाचणी दिवसा, तापमान फारसे बदलत नसताना पुन्हा केली. तेव्हाही काटा हळूहळू खाली आला. जमिनीवर थेंब नव्हता. दोन्ही सिलिंडरचे प्लग काढून प्रोपेलर हाताने फिरवला, पण प्लगच्या भोकांतून तुषार आले नाहीत. पाणी बाहेरही जात नव्हते आणि सिलिंडरमध्येही नाही. म्हणजे जाण्याची एकच जागा उरली होती.

582 मध्ये आत येणारे मिश्रण एका फिरत्या चकतीने सोडले आणि अडवले जाते. ही रोटरी व्हॉल्व्हची चकती ज्या आडव्या शाफ्टवर बसते, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वॉटर पंपाचा पंखा असतो. शाफ्टच्या मधल्या भागाला स्वतंत्र तेल लागते आणि ते दोन नळ्यांनी जोडलेल्या एका छोट्या बाटलीतून येते. पाण्याच्या बाजूला एक सील, तेलाच्या बाजूला दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये खालच्या अंगाला एक बारीक पाझरछिद्र. पाण्याचे सील झिजले तर कूलंट त्या छिद्रातून ठिबकावे आणि मालकाला कळावे, अशी ही व्यवस्था.

उड्डाणापूर्वी मी ही बाटली दर वेळी पाहत होतो. तेल लालभडक आणि पातळी छान वर, म्हणून समाधानाने पुढे जात होतो. पातळी वर का आहे, हा प्रश्न कधी पडला नाही. मी कमी झालेले शोधत होतो, आणि वाढलेले तर डोळ्यांसमोरच होते. कूलंट तेलापेक्षा जड असल्याने ते खाली कोठीत बसत होते आणि चांगले तेल वर बाटलीत ढकलले जात होते. बाटलीवर तेलाच्या रेषेवर चिकटपट्टी लावून दाब पुन्हा 0.9 बारवर नेला. सकाळी तेल पट्टीच्या दोन मिलिमीटर वर होते. खालची नळी सोडताच भांड्यात पडले ते तेल नव्हतेच. दाट, गुलाबी, अगदी सोलकढीच्या रंगाचे काहीतरी होते.

गवतावर उताणे पडून पाझरछिद्र शोधले, तर ते ग्रीस, धूळ आणि गवताच्या भुकटीने बुजलेले! तांब्याची बारीक तार घालून ते मोकळे केल्यावर थोड्याच वेळात तेथे हिरवट थेंब जमला. मला कृष्णाकाठच्या आमच्या मळ्यातला पंप आठवला. त्याच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या भरणीतून, पाणी ठिबकते म्हणून मी लहानपणी तक्रार केली होती, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "अरे, तिथून थेंब पडलाच पाहिजे. पडायचा थांबला तर मला सांग." ग्लँड आणि सील या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दचकायचे ते थेंब दिसल्यावर नव्हे, तो न दिसल्यावर, हे तेव्हाच समजायला हवे होते.

गुलाबी तेलावर आणखी उडालो असतो तर शाफ्टचे दातेचक्र आणि बेअरिंग खराब झाले असते, आणि तो शाफ्ट थांबला की चकती थांबते व इंजिनही थांबते. इंजिन उतरवून टेबलावर घेतले. कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्हचे झाकण काढल्यावर चकती सोडवण्यापूर्वी तिची बाजू आणि दात यांवर खुणा केल्या, कारण ती एक दात जरी सरकली तरी इंजिनचे टायमिंग बिघडते. शाफ्ट बाहेर आला तेव्हा सील बसते त्या जागी नखाला लागेल अशी खाच दिसली, म्हणून दोन्ही सीलबरोबर शाफ्ट आणि बेअरिंगही नवे घातले. उत्पादकाच्या शिफारशीनुसार या इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, 300 तास किंवा 5 वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायचे असते. आमचे तास 200 सुद्धा झाले नव्हते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. वर्षे मात्र सात झाली होती आणि त्यांतले हिवाळे इंजिनाने दमट हँगरमध्ये नुसते उभे राहून काढले होते. तपासणीला आलेल्या निरीक्षकांनी लॉगबुक चाळताना त्या तारखेवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

चिकटपट्टी बाटलीवर तशीच ठेवली आहे. दहा तास उडून झाल्यावर पाहिले, तर कूलंट जागच्या जागी होते आणि तेल पट्टीच्या रेषेखाली जेमतेम एक मिलिमीटर उतरले होते.