तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती पुट्टी भरून चालेल का?

माझा जुना ट्रक पाहिला की प्रश्न ठरलेला असतो. "मडगार्डचं काम घरीच केलंत म्हणे? आमच्या गाडीला पण चाकावरच्या कडेला फोड आलेत. तेवढे घासले, पुट्टी भरली आणि रंग मारला, तर चालेल ना?"

चालेल की. किती दिवस चालेल तेही सांगतो, कारण पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. भोकांवर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. दिसायला झकास. वर्ष पुरं व्हायच्या आत फोड परत वर आले, आधीपेक्षा मोठे. पुट्टी खरवडायला घेतली तर तिला चिकटून पत्र्याचा तुकडाच हातात आला.

तेव्हा कुठे मी मडगार्डच्या आतून हात फिरवला. चाकावरची कड आत दुमडलेली असते. चाकाने उडवलेला चिखल त्या दुमडीत जाऊन बसतो आणि वरून वाळलेला दिसला तरी पोटात ओल धरून ठेवतो. जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, म्हणजे सलग न जोडता अंतराअंतरावर टाके घातलेले असतात, तिथे दोन टाक्यांमधली बारीक फट पाणी स्वतःहून ओढून घेते, आणि त्या फटीत रंग बहुधा पोचलेलाच नसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा मागतो. आतून पत्रा खाऊन झाला की तो रंगाला बाहेर ढकलतो. आपण ज्याला गंजाची सुरुवात समजतो, तो फोड म्हणजे आतलं काम जवळपास उरकल्याची पावती असते. त्यावर बाहेरून पुट्टी लावायची, तर मागून पाणी येतच राहतं. वर पुट्टी स्वतःही ओल शोषते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मडगार्ड उतरवलं. पुढचं मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टांवर असतं, हे आपलं नशीब. गंजलेला बोल्ट थेट उलटा फिरवायला जाऊ नका. आदल्या रात्री तेल सोडा आणि सकाळी आधी किंचित आवळा, गंजाची पकड मोडते, मग सोडवा. एवढं करूनही माझे दोन तुटले. मग ड्रिल.

गंज किती पसरलाय हे डोळ्यांनी कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचत जायचं. टणटण वाजला तो पत्रा, बद्द वाजला तो कागद. खडूने रेघ मारताना मन चोरून घेतं, 'इथवर चांगलाच आहे की' म्हणतं. त्याचं ऐकायचं नाही. रेघ दोन बोटं पुढे सरकवायची आणि कापायचं. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून नवा तुकडा काढला. त्याचे कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यावर उष्णता साठते आणि पत्रा तिथेच ताणतो. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून जोडणं सोपं असतं, पण मग पाणी धरणारी तीच फट आपण हाताने पुन्हा तयार करतो. म्हणून काठाला काठ लावला.

वेल्डिंग ही माझी दुखरी नस. हा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. ०.६ मिलिमीटरची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा गॅस, सगळं बरोबर होतं. फक्त धीर नव्हता. पहिल्या तुकड्यावर एका दमात लांबलचक शिवण घातली आणि मडगार्डला अशा लाटा आल्या की हातोडी आणि पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, घेऊन दोन संध्याकाळी ठोकत बसलो. खरी पद्धत म्हणजे एक टाका इथे, पुढचा एकदम पलीकडच्या टोकाला, आणि हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. एका तळहाताएवढ्या तुकड्याला अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

याच टप्प्यावर एक गोष्ट सगळ्यांना बजावतो. ज्या ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, त्याने पत्रा पुसून वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या आर्कच्या, म्हणजे त्या झगझगीत ठिणगीच्या, उष्णतेने आणि प्रकाशाने त्यातून फॉस्जिन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर तो कडेने आधी घासून काढा, नाहीतर धुराने ताप भरतो. गाडीवरच वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा.

आता पुट्टी. हो, शेवटी मीही लावलीच. वेल्डिंग घासून सपाट केलं, इपॉक्सी प्रायमर मारला आणि त्यावर पातळ हात, २-३ मिलिमीटरच्या आत. खोलगट जागा सारखी करायला ती उत्तम असते, भोक बुजवायला नव्हे. पुट्टी घट्ट व्हायला तिच्यात मिसळतात तो हार्डनर जास्त पडला तर घट्ट व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. माझा एक गोळा तसाच डब्यात दगड होऊन पडलाय. मग ८०चा पॉलिश पेपर, १८०चा, ३२०चा, आणि डोळे मिटून हाताने चाचपणं. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटांना सापडतो. रंगाबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण माझा रंग जवळून बघण्यासारखा नाही. मात्र हार्डनर मिसळायचे दोन घटकांचे रंग घरच्या शेडमध्ये साधा मास्क लावून फवारू नका. त्यातले आयसोसायनेट नावाचे रासायनिक पदार्थ फुप्फुसांना कायमचे बाधतात.

ज्याने खरा फरक पडला, ते काम बाहेरून दिसतच नाही. जोड आतून सीलरने बंद केले, दुमडीत पातळ मेण फवारलं, आणि पाणी निघून जायची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. चिखलातून गाडी आली की बोनेट नंतर धुतो. आधी पाइप मडगार्डच्या आत घालतो आणि खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत काढत नाही.

उजव्या मडगार्डला अजून एक लाट आहे, तिरप्या उन्हात दिसते. कुणी दाखवली की मी आतल्या बाजूला बोट करतो.